थिएटरात गाड्या लावतात ते शहर

आमच्या इथे ट्रॉयला, म्हणजे अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या उपनगरात, भारतातून पाहुणे आले की लोक त्यांना फोर्ड म्युझियमला नेतात, मी डाउनटाउन डेट्रॉइटमधलं एक पार्किंग दाखवायला नेतो. हसू नका, खरंच! बॅग्ली स्ट्रीटवरचं मिशिगन थिएटर, १९२६ चं, चारेक हजार सीटांचं, नंतर धंदा बसला आणि शेजारच्या ऑफिसवाल्यांना गाड्या लावायला जागा हवी होती, पाडावं तर चिकटून असलेल्या बिल्डिंगलाच धोका, म्हणून १९७० च्या दशकात आतून रिकामं करून तीन मजली पार्किंग केलं. वरच्या मजल्यावर डोक्यावर अजून ते नक्षीदार प्लास्टरचं छत आहे, पोपडे निघालेलं, आणि खाली ओळीने गाड्या. त्यात हेन्री फोर्डने १८९६ मध्ये पहिली गाडी बनवली ती शेड याच जागेवर होती म्हणे म्हणजे झालंच.

थिएटर निदान उभं तरी आहे. हेस्टिंग्ज स्ट्रीट तर गेलाच. ब्लॅक बॉटम आणि पॅरडाइज व्हॅली या काळ्या लोकांच्या वस्त्यांचा तो मेन रोड, दुकानं, क्लब, ब्लूजवाला जॉन ली हुकर तिथे वाजवायचा, गायिका अरेथा फ्रँकलिनच्या वडिलांचं चर्चही तिथेच. १९५६ च्या कायद्याने हायवेचा ९० टक्के खर्च केंद्र सरकार देणार म्हटल्यावर कोण थांबतंय, बुलडोझर फिरला, बहुतेक लोक भाडेकरू त्यामुळे नुकसानभरपाईच्या नावाने बोंब, आणि १९६४ मध्ये तिथे आय-३७५ हा हायवे सुरू झाला, जेमतेम मैलभराचा, खोल खड्ड्यातून जाणारा. आपल्या जेजे फ्लायओव्हरखाली मोहम्मद अली रोड निदान जिवंत आहे, इथे खाली-वर काहीच नाही.

बरं हायवे फक्त पट्टा खातो, बाकीचं पार्किंग खातं. कारण हायवेने आणून सोडलेल्या गाड्या दिवसभर ठेवायच्या कुठे? मग जुनी बिल्डिंग दुरुस्त करण्यापेक्षा पाडून डांबर टाकलेलं मालकाला परवडतं, टॅक्स कमी, एक माणूस बसवला की पैसे सुरू. पण दोन प्लॉट असे झाले की त्या फुटपाथवरून कोणी चालत नाही, मग पुढचं दुकान बंद, मग तीही बिल्डिंग पाडा.

आता आय-३७५ चा तो खड्डा बुजवून साधा रस्ता करायचा प्लॅन होता, २०२२ मध्ये केंद्राने दहा कोटी डॉलरच्या वर मंजूरही केले, पण खर्च वाढला म्हणून २०२५ मध्ये काम थांबवलं. मोकळी होणारी जमीन कोणाला मिळणार यावरही वाद आहेच, आणि मला तोच खरा प्रश्न वाटतो. ऑफिसमधल्या एकाला मात्र टेन्शन वेगळंच, हायवे गेला तर त्याला पाच मिनिटं जास्त लागतील. लागू देत की!