३१ नंबरची पिन

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा निरोप आला आणि शाळेतलं बाकी सगळं बाजूला राहून मला एकदम ती ३१ नंबरची पिनच आठवली, तर तिच्याबद्दलच लिहितो.

नववीत विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही दोघांनी ८९सी५१ ही प्रोग्राम भरता येणारी चिप (मायक्रोकंट्रोलर) वापरून टाकी भरली की पंप बंद करणारं सर्किट केलं होतं. झिरो पीसीबी म्हणजे नुसत्या भोकांचा बोर्ड, त्यावर ४० पायांचा म्हणजे ४० पिनांचा तो आयसी, त्याला ठेका देणारं ११.०५९२ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल, ५ व्होल्टसाठी ७८०५ रेग्युलेटर, सोल्डरचे सगळे डाग आम्हीच दिलेले. प्रोग्राम चिपमध्ये नीट गेलेला, पण पॉवर दिली की एलईडी कधी लागायचा कधी नाही, आणि आयसीच्या कोपऱ्याजवळ बोट नेलं की सगळं सुरळीत चालायचं, बोट काढलं की पुन्हा ठप्प! तीन दिवस आम्ही प्रोग्रामच बदलत बसलो होतो.

सरांनी प्रोग्राम बघितलाच नाही. म्हणाले, "वहीत १ ते ४० आकडे टाका, प्रत्येकापुढे तिथे किती व्होल्ट असायला हवेत ते लिहा, आणि ते लिहून झाल्याशिवाय मीटरला हात लावायचा नाही." आज इतकी वर्षं याच कामात आहे, पण याहून चांगली पद्धत मला कोणी सांगितलेली नाही, कारण आधी मोजलं की जे दिसेल ते बरोबरच वाटायला लागतं.

मग मोजलं. ४० आणि २० म्हणजे सप्लायच्या दोन पिना, त्यांच्यामध्ये ४.९८ व्होल्ट, छान. ९ नंबर म्हणजे रिसेट, तिथे शून्य, तेही बरोबर. २९ वर मात्र आम्ही ५ लिहिलं होतं आणि मीटर बरंच खाली दाखवत होता, तेही आकडा हलता. सरांनी विचारलं ही पिन कधी हलते? चिपचं माहितीपत्रक, म्हणजे डेटाशीट, उघडलं, तर चिप बाहेरच्या मेमरीतून प्रोग्राम वाचायला गेली की. पण आमची बाहेर मेमरीच नव्हती! मग वहीत बघितलं तर ३१ पुढची जागा कोरी, कारण ती पिन लागत नाही समजून आम्ही मोकळीच सोडली होती. आतला प्रोग्राम चालवायचा तर ती ५ व्होल्टला बांधावी लागते, मोकळी राहिली की हवेतला गोंगाट नाहीतर आमचं बोट ठरवणार आत वाचायचं की बाहेर.

एक वायर टाकली आणि एलईडी लागला तो लागलाच, आम्ही दोघं नुसते बघत राहिलो.

नंतर पंप चालू-बंद करणारा रिले सुटला की चिप रिसेट व्हायची, म्हणजे प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा, ते रिलेच्या कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड आणि आयसीला अगदी चिकटून ४० ते २० मध्ये १०४ चा (०.१ मायक्रोफॅरडचा) कपॅसिटर लावल्यावर थांबलं.

सर, तुम्ही हे वाचत असाल तर सांगतो, ती वही अजून माझ्याकडे आहे. आणि प्रयोगशाळेच्या कपाटात तो बोर्ड असेलच तर कोणीतरी उलटा करून बघा, ३१ वरून ४० वर गेलेली पिवळी वायर दिसेल, तो डाग मी दिलाय.