मिखाएलर चर्चच्या तळघरात

व्हिएन्नातल्या राजवाड्यासमोरच्या चौकात सगळे हिरव्या घुमटाकडे तोंड करून फोटो काढतात. पाठीमागचं मिखाएलर चर्च राहून जातं. आमचंही राहिलं असतं, पण आईचे पाय दुखत होते म्हणून आत शिरलो. तेराव्या शतकातलं हे चर्च एके काळी दरबारी मंडळींचं होतं. वेदीवर ढगांतून कोसळणारे गिलाव्याचे देवदूत पाहत होतो, तेवढ्यात तळघराची फेरी सुरू होतेय असं कळलं.

"खाली माणसंच आहेत ना? मग जाऊ या की," आई म्हणाली.

पायऱ्या संपल्या आणि पायाखाली माती लागली. १७८४ पर्यंत इथे सुमारे चार हजार माणसं पुरली गेली. भिंतीशी हाडं रचलेली, पुढे लाकडी शवपेट्यांच्या रांगा, त्यांवर हाताने रंगवलेली फुलं, क्रूस, कवट्या. काही पेट्या उघड्या आहेत. आतली माणसं वाळली आहेत, कुजलेली नाहीत. कुणी मसाले भरले नव्हते की औषधं लावली नव्हती. पेटीच्या तळाशी लाकडाच्या ढलप्या पसरायचे, त्यांनी अंगातलं पाणी शोषलं. बाकीचं काम तळघरातल्या कोरड्या, खेळत्या हवेनं केलं. कातडी चामड्यासारखी झाली, पण कपडे आणि बूट अजून ओळखू येतात.

जुन्या गोव्यात दर दहा वर्षांनी संत फ्रान्सिस झेवियरचं शव दर्शनाला ठेवतात, ती गर्दी आईनं पाहिली आहे. तिथे माणसं संताला भेटायला जातात. इथली माणसं संत नव्हती, म्हणूनच मला ती फार जवळची वाटली. एका बाईपाशी आई थांबली. "नाव काय गं हिचं?" मी वाटाड्याला विचारलं. त्यानं मान हलवली.

दमटपणा वाढला तेव्हा इथे लाकूड पोखरणारे सोंडकिडे शिरले. शरीरं टिकली आणि पेट्यांचा भुसा होऊ लागला. आता यंत्रं लावून हवा कोरडी राखतात. नाव हरवलेल्या माणसांसाठी कुणीतरी एवढं जपतं, याचं मला खूप समाधान वाटलं.

ज्याच्या शब्दांवर संगीतकार मोझार्टनंही ऑपेरे रचले, तो कवी मेटास्टॅसिओ १७८२ मध्ये वारला आणि इथेच पुरला गेला. त्यानंतर सम्राट दुसऱ्या जोसेफनं शहराच्या आत पुरणं बंद केलं. तळाशी झडप असलेली, पुन्हा पुन्हा वापरायची शवपेटीसुद्धा त्यानं काढली होती. लोक इतके भडकले की तो हुकूम मागे घ्यावा लागला. शहराबाहेर पुरायचा नियम मात्र राहिला. १७९१ च्या डिसेंबरात मोझार्ट गेला तेव्हा १० तारखेला याच चर्चमध्ये त्याच्या अपुऱ्या रेक्विएमचा, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीताचा, सुरुवातीचा भाग गायला गेला. तो स्वतः शहराबाहेर, सांक्ट मार्क्सच्या दफनभूमीत, साध्या कबरीत होता. काही वर्षांत ती जागाही कुणाला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी आम्ही ७१ नंबरची ट्राम धरून सांक्ट मार्क्सला गेलो. मोझार्टचं स्मारक म्हणजे तुटका स्तंभ, त्याला टेकलेला दुःखी देवदूत. आईनं दगडावर हात ठेवला.

"इथेच आहे का गं तो?"

"इथेच कुठेतरी," मी म्हटलं.