मशीन म्हणालं अठरा हजार

गणपती होऊन चाकरमानी मुंबईला परतले की आमच्याकडे तापाचे पेशंट वाढतात. पावसाची उघडझाप, परसात पडलेल्या करवंट्या, पाण्याची पिंपं; डेंग्यूच्या डासाला आणखी काय हवं? देवगड तालुक्यातल्या एका लहान लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. या दिवसांत दारात एकच प्रश्न असतो, "ताई, पेशी किती इल्यो?"

त्या संध्याकाळी एका बावीस वर्षांच्या मुलाचं रक्त मशीनला लावलं. तापाचा चौथा दिवस, डेंग्यूची एनएस-1 चाचणी पॉझिटिव्ह. रक्त दुपारी गावातच काढलेलं, आमच्याकडे पोचेपर्यंत अडीच तास गेलेले. प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या याच पेशी, आल्या 18,000. निरोगी माणसात दीड ते साडेचार लाख असतात. बाहेर मुलाच्या मामांनी गाडी सांगून ठेवलेली. रातोरात घाट चढून कोल्हापूर गाठायचं, प्लेटलेटच्या पिशव्या लावायच्या. रक्त द्यायला भावकीतले चौघे तयार.

रिपोर्ट द्यायला माझा हात धजेना. मुलगा समोर बाकावर बसला होता. थकलेला, पण हिरड्यांतून रक्त नाही, अंगावर लाल ठिपका नाही. "काका, मला अर्धा तास द्या," म्हटलं आणि स्लाइड रंगवली.

मायक्रोस्कोपच्या तेलाच्या लेन्सखाली मधल्या भागात प्लेटलेट खरंच तुरळक होत्या. स्लाइड शेपटीकडे, रक्ताचा थर पातळ होत संपतो तिकडे, सरकवली तर जांभळ्या कणांचे पुंजके, एकेकात वीस-तीस, खडकाला कालवं चिकटावीत तसे. जांभळ्या टोपीच्या ट्यूबमधलं ईडीटीए रक्त गोठू देत नाही, पण काहींच्या रक्तात त्याच्यामुळेच प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. रक्त जितकं पडून राहील तितक्या जास्त. मशीन आकार बघून मोजतं, अख्खा पुंजका त्याच्या हिशेबात येतच नाही.

निळ्या टोपीच्या सायट्रेट ट्यूबमध्ये नव्याने रक्त घेतलं आणि लगेच लावलं. 92,000. सायट्रेटने रक्त थोडं पातळ होतं म्हणून 1.1 ने गुणायचं, म्हणजे 1,01,200. दुसऱ्या स्लाइडवर पुंजके नव्हते.

डॉक्टरांना फोन केला. रक्तस्राव नसताना एवढ्या काउंटला पिशवी लागत नाही, ते म्हणाले, पण मुलाला घरी सोडलं नाही. डेंग्यूत खरा धोका ताप उतरतो तेव्हा असतो. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, रक्त दाट होतं, आणि ते प्लेटलेटवरून नव्हे, हिमॅटोक्रिटवरून, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्केवारीवरून कळतं. तो मूळच्यापेक्षा वीस टक्क्यांनी चढला तर धावपळ करायची. एवढं समजावून सांगूनही नातेवाईक पेशींचाच आकडा विचारत राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मामा दारातच उभे होते. "मगे आता घाट चढूचो नाय मां?"

"नाही काका. गाडी परत पाठवा."

पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ मी हिमॅटोक्रिट केला. 41, 43, 42, 41. प्लेटलेट दरवेळी निळ्या ट्यूबमधूनच मोजल्या. तिसऱ्या दिवशी त्याला घरी सोडलं तेव्हा त्याच्या फाइलवर मी लाल पेनाने मोठ्या अक्षरांत लिहून दिलं : प्लेटलेट सायट्रेटमध्येच तपासा.