शंभर मण्यांची माळ

जपमाळेत मणी किती? एकशे आठ. तिबेटातही तेवढेच. 1865 मध्ये नैनसिंग रावत सर्व्हे ऑफ इंडियाच्या, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या भूमापन खात्याच्या, गुप्त कामगिरीवर वेष बदलून तिबेटकडे निघाले, तेव्हा त्यांच्या माळेत मात्र शंभरच होते. शंभर पावलं झाली की एक मणी ओढायचा. दर दहावा मणी मोठा, म्हणजे खाली न बघताही बोटांना हजार पावलं झाल्याचं कळायचं. पूर्ण माळ दहा हजार पावलांची, साधारण पाच मैल. हे जमायला चढ असो की उतार, पाऊल सारखंच पडावं लागतं आणि तीच तालीम त्यांना दिली होती. आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या प्रार्थनाचक्राच्या पोटात जायच्या, जिथे मंत्राचा कागद असतो. सेक्स्टंट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, पेटीच्या चोरकप्प्यात, पारा कवड्यांत. तो लाकडी वाडग्यात ओतला की स्थिर आरसा तयार, त्यातल्या प्रतिबिंबावरून ताऱ्याची उंची मोजायची.

किपलिंगच्या 'किम' कादंबरीत (1901) हेच तंत्र हरीबाबू हा बंगाली हेर किमला, हिंदुस्थानात वाढलेल्या आणि इंग्रजांसाठी हेरगिरी शिकणाऱ्या आयरिश पोराला, शिकवतो, पण त्याची माळ एक्याऐंशी किंवा एकशे आठ मण्यांची आहे. मला हा फरक फार बोलका वाटतो. हिशेबाला शंभर सोयीचे, वेषाला एकशे आठ. प्रत्यक्षात सर्व्हेने हिशेब निवडला आणि कुणी मणी मोजले असते तर पकडले जाण्याचा धोका नैनसिंगांच्या गळ्यात घातला. कादंबरीत अशी निवड करावीच लागत नाही. तिथे वेष नेहमी पुरून उरतो.

मराठी वाचकाने कादंबरीतला आगगाडीचा प्रसंग मुद्दाम बारकाईने वाचावा. ई-23 हा हेर दिल्लीकडे चाललाय, पोलीस मागावर आहेत आणि पगडीच्या बांधणीवरून किम ओळखतो की हा मराठा. मग किम रंगाची पेटी काढतो, राख फासतो, डोळे लाल व्हावेत म्हणून अफू खायला देतो, स्वतःची माळ त्याच्या गळ्यात घालतो. दिल्ली यायच्या आत साधू तयार! प्रसंग थरारक आहे, लिहिलाय अप्रतिम. पण साधू म्हणजे राख नव्हे. खरा साधू भेटला तर आधी पंथ विचारणार, गुरू विचारणार, आणि बोलीवरून मुलूख ओळखणार. मराठी माणसाची हिंदी तर दोन वाक्यांत कळते. हा धोका लेखकाने डब्यात चढूच दिलेला नाही.

नैनसिंगांना असे प्रश्न खरोखरच विचारले गेले. ते आणि त्यांचे नातलग मणिसिंग बशहर या हिमालयातल्या संस्थानाचे व्यापारी म्हणून नेपाळमार्गे तिबेटातल्या केरुंगच्या सीमेवर पोचले. घोडे घ्यायला चाललोय, असं कारण सांगितलं. अंमलदारांनी साधी शंका काढली: बशहरी माणूस इतका आडवाटेने कशाला येईल? दोघांना परत पाठवलं. चेहरा, भाषा, कपडे सगळं बरोबर होतं, फसली ती वाट. पुढे नैनसिंग लडाखी बनून व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर गेले आणि जानेवारी 1866 मध्ये ल्हासाला पोचले. ते कुमाऊंतल्या मिलमचे, तिबेटशी पिढीजात व्यापार असलेल्या भोटियांपैकी. म्हणजे वेषातला निम्मा भाग त्यांचाच होता. आयरिश रक्ताच्या किमला हिंदुस्थानातली कुठलीही जात अंगावर चढवून उतरवता येते, नैनसिंगांना ओळखीची सीमारेषा कामाला लावावी लागली. साहसकथेने ही मेहनत उचलली आणि गोऱ्या मुलाची उपजत देणगी म्हणून दाखवली, ही माझी खरी तक्रार आहे.

हरीबाबूचं मूळ बहुतेक अभ्यासक शरच्चंद्र दासांत शोधतात. दार्जिलिंगच्या शाळेचे हे मुख्याध्यापक 1879 आणि 1881 मध्ये तिबेटात गेले, चोरून नव्हे, तिथल्याच ताशिल्हुन्पो मठाच्या परवान्यावर. पांडित्य खरं होतं, हेरगिरीही खरी होती. कादंबरीतला बाबू घाबरट बडबडीमुळे विनोदी वाटतो, पण शेवटचं सर्वांत जोखमीचं काम तोच पार पाडतो. हे किपलिंगच्या पदरात टाकलंच पाहिजे.

दास सुखरूप परतले. त्यांना आसरा देणारे सेंगचेन लामा मात्र नंतर पकडले गेले आणि त्यांना नदीत बुडवून मारण्यात आलं. कादंबरीत परक्या हेरांचं सामान घेऊन पळालेले पहाडी हमाल शामलेघ या डोंगरातल्या गावी सुखरूप पोचतात. त्यांच्या मागे चौकशीला कुणी येत नाही.