माशा मोजायला डीएनए कशाला?

मी हिमाचलातल्या बंबलबीचा अभ्यास करतो, आणि साताऱ्याला घरी आलो की एक प्रश्न हमखास येतो: माशा मोजायच्या तर फुलांपाशी बसून मोजाव्यात, त्यासाठी डीएनए कशाला? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक खुलासा. जुन्या घराच्या वाशाला करंगळीएवढे गोल भोक पाडून खाली भुसा सांडणारा आपला काळा भुंगा म्हणजे बंबलबी नव्हे. बंबलबी ही दाट लव असलेली, थंडीतली माशी. भारतात तिच्या सुमारे 50 जाती असून त्या हिमालयाच्या पट्ट्यात राहतात, सह्याद्रीत नाहीत.

उत्तर मात्र महाबळेश्वर-जावळीकडच्या कोणत्याही मधपाळाला लगेच पटेल. किती माशा पाळल्या आहेत असे विचारले, तर तो सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळायच्या आपल्या मधमाशीच्या, पेट्या किती ते सांगतो, माशांचा आकडा सांगत नाही. कारण टिकते किंवा संपते ती वसाहत. बंबलबीची वसाहत असते जमिनीत, बरेचदा उंदराने सोडलेल्या बिळात, आणि ती सहसा सापडत नाही. कुरणात दिसलेल्या 100 माशा 50 बिळांतल्या की पाचच बिळांतल्या, हे नुसते पाहून कळत नाही.

म्हणून मी जाळीत धरलेल्या माशीच्या मधल्या पायाचे टोक, तिळाहूनही लहान, कापून अल्कोहोलच्या कुपीत टाकतो आणि तिला सोडून देतो. ती उडून जाते. डीएनएमध्ये काही जागी दोन-तीन अक्षरांचा गट ओळीने पुनःपुन्हा येतो. त्याला मायक्रोसॅटेलाइट म्हणतात, आणि तो किती वेळा आला हे माशीगणिक बदलते. अशा दहा-बारा जागा वाचल्या की सख्ख्या बहिणी ओळखता येतात. एका वसाहतीतल्या माशा एकाच राणीच्या लेकी, म्हणून बहिणींचे जितके गट तितक्या वसाहती. बहुतेक जातींत राणी एकाच नराशी मीलन करते, आणि नराकडे गुणसूत्रांचा एकच संच असल्यामुळे बापाकडून सगळ्या बहिणींना तेच मिळते, म्हणून हा हिशेब चोख बसतो. (सातेरीची राणी अनेक नरांशी मीलन करते, तिथे तो बराच किचकट होतो.)

वसाहती कमी झाल्या की जनुकीय विविधता, म्हणजे माशामाशांच्या डीएनएतले वेगळेपण, आटते. ती आटली तर काय होते, हे इंग्लंडमध्ये दिसले. तिथली आखूड केसांची बंबलबी 1988 नंतर आढळली नाही. एकोणिसाव्या शतकात न्यूझीलंडला नेलेल्या तिच्या वंशजांना परत आणायचे ठरले, पण त्या बंदिवासात नीट वाढेनात, आणि जनुकीय तपासणीत त्यांच्यातली विविधता फारच थोडी उरल्याचे दिसले. अखेर 2012 मध्ये स्वीडनमधून राण्या आणून सोडल्या.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. वसाहती मोजक्याच उरल्या की नात्यातल्या नात्यात मीलन होते. लिंग ठरवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या आल्या, तर फलित अंड्यातून कामकरी माशीऐवजी नर निपजतो, आणि अशा राणीच्या वसाहतीत कामकऱ्यांची जवळपास निम्मी फळी उभीच राहत नाही. साध्या नराच्या डीएनएत प्रत्येक जागी एकच खूण असते, अशा नरात मात्र काही जागी दोन सापडतात. म्हणून नर हाती लागला की त्याची कुपी मी वेगळी ठेवतो.