आकडा जुळत नाही

‘सर्व डिपेंडन्सी (कोड चालायला लागणाऱ्या लायब्ररी, फायली) समाविष्ट आहेत का?’ फॉर्मवरच्या या चौकटीत मी बिनधास्त टिक केली. ती टिक पुढे पाच आठवडे भोवली.

पेपर स्वीकारला गेला होता. आता एक परीक्षक माझा कोड चालवून तक्ता ३ पुन्हा काढणार, आणि तो जुळला तर पेपरवर ‘निकाल पुन्हा मिळाला’ असा बॅज लागणार. परीक्षक निनावी, त्यामुळे थेट बोलायची सोय नाही. आपण समन्वयकाला लिहायचं, तो पुढे पाठवणार, उत्तर त्याच वाटेने परत. एका फेरीला पाच-सहा दिवस. ‘कुठल्या मशीनवर चालवलंत?’ एवढं विचारायलाही आठवडा घालवायचा!

डॉकरची इमेज, म्हणजे कोड आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी एकत्र बांधलेला डबा, अर्ध्या दिवसात झाली, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. त्याआधी रेप्रोझिप हे साधन वापरून बघितलं होतं. प्रोग्राम चालू असताना कुठल्या फायली उघडल्या जातात त्यावर ते नजर ठेवतं आणि त्या गोळा करतं. मी आळसाने लहान इनपुटवरच चालवलं, त्यामुळे मोठ्या इनपुटलाच लागणारी, मी स्वतः कंपाइल केलेली लायब्ररी गाठोड्यात आलीच नाही. हे वापरणार असाल तर प्रोग्रामच्या सगळ्या वाटा एकदा चालवून घ्या.

पहिलं उत्तर एका ओळीचं होतं: ‘तक्त्यात ०.८४७ आहे, मला ०.८३१ मिळतो.’ लॉग नाही, काही नाही.

पहिला संशय थ्रेडवर, म्हणजे एकाच वेळी समांतर चालणाऱ्या कामांवर. फ्लोटिंग पॉइंटच्या (दशांश आकड्यांच्या) बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक हलतात, आणि ओपनब्लास ही गणिताची लायब्ररी काम थ्रेडमध्ये वाटून टाकते. म्हणून एकच थ्रेड ठेवला. खरं तर माझ्या साध्या लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये त्याने दुसरा दशांश हलणार नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं. मग पायथनचं हॅश सीड. हॅश म्हणजे मजकुरापासून काढलेला आकडा, सीड म्हणजे तो काढताना सुरुवातीला दिलेली संख्या. ३.३ पासून स्ट्रिंगचे हॅश प्रत्येक रनला वेगळे असतात, त्यामुळे सेटमधला क्रम बदलतो. तेही शून्यावर बांधलं आणि पाठवलं. सहा दिवसांनी उत्तर: ‘दुसऱ्या मशीनवर ०.८५८.’

म्हणजे तक्त्यापेक्षा जास्त! त्या दिवशी मी लॅपटॉप मिटून सरळ झोपले.

माझ्या मशीनवर दर वेळी ०.८४७ येत होता, म्हणून मनातल्या मनात मी परीक्षकालाच शिव्या घालत होते. शेवटी एका मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर तीच इमेज चालवली. ०.८४१. तोच डायजेस्ट (इमेजचा ठसा), फायली पिसण्याचा तोच सीड ४२. दोन्हीकडे ट्रेनिंगला जाणाऱ्या पहिल्या फायलींची नावं छापली. माझ्याकडे ११७, ००४, ०५८. तिच्याकडे ०३१, १९०, ००७.

कोडमध्ये मी फोल्डरमधल्या २१२ फायलींची यादी पायथनच्या ‘लिस्टडिर’ने घेत होते, आणि ते कुठल्याही ठरावीक क्रमाची हमी देत नाही. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल-व्यवस्था मोठ्या फोल्डरमधली नावं हॅशच्या क्रमाने देते, आणि त्या हॅशचा सीड डिस्क फॉरमॅट करताना ठरतो, प्रत्येक डिस्कचा वेगळा. सीड ४२ पत्ते तसेच पिसत होता, पण जोडच प्रत्येक मशीनवर वेगळा लागलेला. त्यामुळे ट्रेनिंग आणि चाचणीसाठीच्या फायलींची विभागणीही वेगळी. डेटा मी इमेजच्या बाहेरून माउंट केला होता. आत घातला असता तरी इमेजचे थर शेवटी यजमान मशीनच्याच डिस्कवर उलगडतात.

इलाज एका शब्दाचा: ‘सॉर्टेड’. पण सॉर्ट केल्यावर आला ०.८३९, आणि छापलेला आकडा तर ०.८४७! तो माझ्या याच लॅपटॉपच्या डिस्कने दिलेला होता. नशीब, तो मी फॉरमॅट केला नव्हता. त्यावरून मूळ क्रमाची यादी काढून टेक्स्ट फाइल म्हणून पॅकेजमध्ये घातली. सोबत वीस वेगवेगळ्या विभागण्यांची सरासरीही दिली, कारण एका विभागणीवरचा आकडा छापणं ही मुळात माझी चूक होती. सरासरी ०.८४ च्या आसपास आली, हे बरं झालं.

हो, एक राहिलं. बेस इमेजला ‘लेटेस्ट’ टॅग लावू नका. टॅग उद्या दुसऱ्याच इमेजकडे वळू शकतो, डायजेस्ट वळत नाही. आणि पाठवण्याआधी नेटवर्क पूर्ण बंद करून एकदा चालवा. माझा प्रोग्राम पहिल्या रनला एक शब्दसूची गुपचूप डाउनलोड करत होता. ती माझ्या कॅशमध्ये आधीच असल्याने मला पत्ताच नव्हता. क्लस्टर (अनेक मशीनचा सामायिक संच) वापरणाऱ्यांना डॉकर सहसा मिळत नाही, कारण त्याला सहसा रूटचे (मुख्य प्रशासकाचे) अधिकार लागतात. त्यांच्यासाठी तीच इमेज अ‍ॅपटेनर या डॉकरच्या पर्यायात चालते.

नवीन पॅकेज पाठवलं. पाच दिवसांनी उत्तर आलं: ‘तक्ता ३ जुळला. रीडमीमधल्या दुसऱ्या कमांडमध्ये फोल्डरचं नाव चुकलंय, दुरुस्त करून पुन्हा अपलोड करा.’ म्हणजे आणखी एक फेरी.