वळीव किनाऱ्यावर उतरणार की घाटापलीकडे जाणार?

कोकणात एप्रिल-मेमध्ये वळिवाचा अंदाज बांधताना बहुतेक जण फक्त उकाड्याकडे बघतात. पण घामाच्या धारा लागल्या म्हणजे पाऊस येईलच असं नाही. दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) २५ अंशांवर, म्हणजे हवेत भरपूर ओल असतानाही दीड-दोन किलोमीटर उंचीवर कोरड्या, उबदार हवेचं झाकण बसलं असेल, तर ढग त्याखालीच विरतात. म्हणून पहाटे ५:३० च्या, पणजी-मुंबईहून वरची हवा मोजायला सोडलेल्या हवामान-फुग्यांच्या नोंदी आधी बघाव्यात. झाकण किती घट्ट आहे आणि तीन किलोमीटरवर वारा कुठला आहे?

हा वरचा वाराच निर्णायक. दुपारी खारा वारा आत शिरतो, सह्याद्रीच्या कड्यांवर चढतो आणि दोन-तीनच्या सुमारास फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग उभे राहतात. वर पश्चिमेचा वारा असेल तर पाऊस कोल्हापूर-साताऱ्याकडे सरकतो. पूर्वेचा असेल तर संध्याकाळी सावंतवाडी-कुडाळकडे उतरतो. ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरून समुद्राकडे झुकला, खारा वारा पडला आणि घाटाकडून एकदम गार झोत आला, की खळ्यातली आमसुलं लगेच उचला. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंद म्हणजे ढग साधारण १० किलोमीटरवर. एवढ्या अंतरावरूनही वीज पडते, तेव्हा आंब्यावर चढलेल्यांनी तोवर खाली उतरून घरात गेलेलं असावं.